ग्रीन बिल्डिंगच्या भिंतीवर काळी बुरशी

संपादक महोदय,

हल्ली ठाण्यात जी नवी बिल्डिंग उभी राहते ती ग्रीनच असते, म्हणजे पर्यावरणपूरक म्हणून रेटिंग मिळालेली. आमचीही आहे, गेटवर गोल्ड रेटिंगची पाटी, सोलर, रेन वॉटर हार्वेस्टिंग, एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट) सगळं व्यवस्थित. आणि जुलै लागला की बेडरूमच्या वॉर्डरोबमागे भिंतीवर काळे ठिपके, चामड्याच्या बेल्टवर पांढरी बुरशी, कपाट उघडलं की कुबट वास. बिल्डरचा माणूस येऊन बघून गेला, म्हणे लीकेज नाहीये, एसी लावत जा. म्हणजे वीज वाचवायला ग्रीन घर घ्यायचं आणि भिंत सुकवायला दिवसभर एसी चालवायचा, कमाल आहे!

लीकेज नाही हे खरंच आहे. पण चार माणसांचा स्वयंपाक, आंघोळी, पावसात घरात वाळत घातलेले कपडे मिळून दिवसाला ८-१० लिटर पाणी वाफ होऊन घरातल्याच हवेत जातं, ते जाणार कुठून? इको निवास संहिता २०१८ (घरांमध्ये ऊर्जा वाचवण्यासाठी केंद्राने केलेली नियमावली) सांगते की आपल्यासारख्या उष्ण-दमट भागात खिडक्यांचा उघडणारा भाग फ्लॅटच्या एरियाच्या १६.६६ टक्के तरी हवा, म्हणजे सहावा हिस्सा. आता दोन ट्रॅकची स्लायडिंग खिडकी अर्धीच उघडते, ५ बाय ४ ची दिसली तरी हवेला मिळतात १० चौरस फूट. त्यात ड्राय बाल्कनी (किचनला लागून असलेली धुण्या-भांड्यांची छोटी बाल्कनी) लोक काचेने बंद करतात, तो दोष आपलाच म्हणा.

बरं भर पावसात बाहेरच ह्युमिडिटी ८५-९० असते, तेव्हा नुसत्या खिडक्या उघडून घर कोरडं होत नाही, वाफ जिथे होते तिथूनच ओढून बाहेर काढावी लागते. आमच्या बाथरूममध्ये एक्झॉस्टसाठी भोक आहे, फॅन मात्र ज्याने त्याने आणायचा.

राज्याच्या यूडीसीपीआरमध्ये (बांधकामाच्या एकत्रित नियमावलीत) बिल्डरला ग्रीन रेटिंगप्रमाणे ३, ५, ७ टक्के जादा एफएसआय, म्हणजे त्याच प्लॉटवर जादा बांधकाम, मिळतो. द्या की, पण त्यातला थोडा भाग पहिला पावसाळा जाईपर्यंत अडकवून ठेवा, ऑगस्टमध्ये राहत्या दोन-चार फ्लॅटमध्ये ह्युमिडिटी मीटर ठेवा (हजाराच्या आत मिळतो) आणि आकडा बघूनच सोडा. आणि जे आत्ता फ्लॅट बघतायत त्यांनी सॅम्पल फ्लॅटमधला एसी बंद करायला सांगा आणि वॉर्डरोब बाहेरच्या भिंतीला चिकटून दिलाय का ते बघा.

– एक वाचक, ठाणे