गळतीच्या नोटिशीचे उत्तर आणि गच्चीच्या कामाबद्दल एक विनंती

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती

विषय : बाथरूममधील गळतीची नोटीस व गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची कोटेशन

महोदय,

माझ्या बाथरूमचे पाणी खालच्या घरात झिरपते, ते 15 दिवसांत थांबवावे, ही आपली नोटीस मिळाली. तक्रार खरी आहे. खालच्या काकांच्या छतावरचा डाग मी स्वतः पाहून आले, आता तिथला रंग पोपडे धरून सुटू लागला आहे. ते बाथरूम वापरणे बंद केले आहे. दुरुस्ती माझ्या खर्चाने करून देईन, त्यात वाद नाही.

पत्र लिहिण्याचे कारण मात्र वेगळे आहे. नोटीस घ्यायला ऑफिसात आले तेव्हा फलकावर गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची तीन कोटेशन लावलेली दिसली. त्यातले सर्वांत कमी रकमेचे ज्यांचे आहे, तेच माझ्या बाथरूमचे काम अर्धवट टाकून गेलेले कॉन्ट्रॅक्टर. नाव इथे लिहीत नाही, कारण पत्र फायलीला लागते. समोर बसून सांगेन, कागदही दाखवेन.

बोलणे 5 आठवड्यांचे होते, आज चौथा महिना चालू आहे. कोटेशन म्हणजे एक पान. ‘बाथरूम नूतनीकरण, मटेरियलसह, 10 वर्षांची गॅरंटी’ आणि खाली आकडा. टाइल कोणती, वॉटरप्रूफिंगचे हात किती, काही नाही. मीही विचारले नाही. सुरुवातीला 40 टक्के दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी चार माणसे आली आणि संध्याकाळपर्यंत फरशी, भिंतीच्या टाइल, नळ सगळे उखडून मोकळी झाली. मी तर घरच्यांना म्हटले, काय झपाटा आहे! आता कळते की तोडफोडीत त्यांचे फारसे काही जात नाही, पण मालक मात्र पुरता अडकतो. उखडलेले बाथरूम घेऊन मी कोणाकडे जाणार होते? दुसरा कॉन्ट्रॅक्टर अशा अर्धवट कामाला हात लावायला सहसा तयार होत नाही, झालाच तर पहिल्यापासून सुरू करायचे म्हणतो.

मग ‘टाइल उचलायचीय’, ‘प्लंबरचे द्यायचेत’ असे करत आणखी 45 टक्के गेले, त्यातले काही रोख आणि बिनपावतीचे. 85 टक्के पैसे पोचले तेव्हा काम निम्मेही नव्हते. राहिले होते फटी भरणे, नळ बसवणे, दरवाजाची चौकट. सगळे किचकट, वेळखाऊ, आणि त्यासाठी हातात यायचे फक्त 15 टक्के. एवढ्यासाठी कोण परत येतो? तोवर दुसऱ्या घरची नवी उचल मिळालेली असते. आधी ‘सोमवारी माणूस पाठवतो’, मग ‘मिस्त्री गावाला गेलाय’, मग नुसती रिंग. ठरवून फसवले असे मी म्हणणार नाही. कदाचित माझ्या पैशांतून त्यांनी आधीच्या कोणाचे रखडलेले काम पुरे केले असेल आणि ते लोक त्यांच्यावर खूश असतील.

गळती कशी झाली तेही सांगते, कारण गच्चीला तेच लागू आहे. वॉटरप्रूफिंगचा पहिला हात वाळल्यावर दुसरा द्यायचा असतो. इथे दोन्ही एकाच संध्याकाळी उरकले. नंतर नहाणी ट्रॅप, म्हणजे जमिनीवरचे पाणी जाण्याचे तोंड, बंद करून जमिनीवर पाणी साठवायचे आणि निदान 24 तास, जमल्यास 48 तास, खालच्या छतावर ओल येते का ते पाहायचे. ‘टाइलवाला उद्याच येतोय, थांबायला वेळ नाही,’ म्हणून तेही टळले. आता पाणी ट्रॅपच्या भोवतालून जाते की कोपऱ्यातून, हे टाइल काढल्याशिवाय कळणार नाही. गच्चीच्या कोटेशनसारखी 10 वर्षांची गॅरंटी माझ्याही कागदावर आहे.

म्हणून विनंती अशी. काम कोणालाही द्या, पण सगळी गच्ची एकदम उखडू देऊ नका. अर्धी पूर्ण होऊन तिच्यावर पाणी साठवून पाहिल्यावरच उरलेल्या अर्ध्या भागाला हात लावू द्या. ॲडव्हान्स 10 टक्क्यांपेक्षा जास्त नको, आणि तोही माल गच्चीवर येऊन मोजल्यावर. पुढचे पैसे झालेल्या कामाचे माप घेऊन, बिलावर, खात्यातच द्यावेत. माप घ्यायला आपले निवृत्त इंजिनिअर सभासद तयार होतील असे वाटते. शेवटचे 10 टक्के एक पावसाळा कोरडा गेल्यावर द्यावेत. या अटी ऐकून एखादे कोटेशन मागे घेतले गेले तर जाऊ द्या, आकडा कितीही कमी असला तरी.

आणखी एक. सभासदांच्या घरातल्या कामाला परवानगी देताना आपण राडारोड्यासाठी अनामत घेतो, त्यामुळे लिफ्ट आणि जिना जपला जातो. त्याच रजिस्टरात कॉन्ट्रॅक्टर कोण, काम कधी सुरू झाले, कधी संपले, एवढे तीन रकाने वाढवले तर पुढच्या माणसाला पाहता येईल. माझे काम चांगल्या वेगात होते तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना मीच यांचा नंबर दिला होता. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कपाटांना अजून दारे नाहीत. त्या मला काही बोलत नाहीत, लिफ्टमध्ये फक्त हसतात.

समितीपैकी कोणी बाथरूम पाहायला येणार असेल तर संध्याकाळी 7 नंतर मी घरी असते. आणि हे कॉन्ट्रॅक्टर गच्चीचे माप घ्यायला आले, तर त्यांना एक निरोप द्यावा : त्यांची दोन घमेली आणि एक थापी माझ्या बाल्कनीत आहे. निदान ती न्यायला तरी वर या.

आपली,
चौथ्या मजल्यावरील एक सभासद

सोबत : कोटेशनची प्रत, दिलेल्या पैशांचा तपशील, बाथरूमचे फोटो