'येस सर' म्हणजे माल गेला की नाही गेला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दरवर्षी जून उजाडला की तुमच्या पत्रांच्या पानावर मराठी माध्यम की इंग्रजी माध्यम ही कुस्ती सुरू होते. मी सगळी पत्रं वाचतो आणि खरं सांगायचं तर मला दोन्ही बाजूंचं पटतं, बायको म्हणते म्हणूनच तुमचं आयुष्यात कधी काही ठरत नाही. पण या सगळ्या भांडणात एक गोष्ट कुणी काढतच नाही. शाळा कुठलीही असू दे हो, पोरगं कंपनीच्या गेटमधून आत आल्यावर त्याला जे इंग्रजी लागतं ते ना इकडे शिकवलेलं असतं ना तिकडे.

मी भोसरीत गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, 22 वर्षं झाली. शाळा झेडपीची, एबीसीडी पाचवीत बघितली. पहिलीपासून इंग्रजी 2000 साली आलं तोवर आमचा डिप्लोमा होत आला होता, त्यामुळे मी काही इंग्रजीचा पंडित म्हणून हे लिहीत नाहीये, उलट जे फटके खाल्ले त्यातून लिहितोय.

मागच्या वर्षीची गोष्ट. जर्मनीतल्या कस्टमरबरोबर आमचा दर आठवड्याला टीम्सवर कॉल असतो. डिस्पॅचचा मुलगा नवीन, हुशार, इंग्लिश मीडियमचा, बोलायला एकदम चटपटीत. समोरच्या बाईंनी विचारलं, "सो यू हॅवन्ट शिप्ड द लॉट येट?" हा म्हणाला, "येस मॅडम." त्याच्या मनात काय होतं, की हो, तुम्ही म्हणताय ते बरोबर आहे, नाही गेला अजून. बाईंनी काय घेतलं, की येस म्हणजे गेला. कॉल संपला, सगळ्यांनी थँक यू म्हटलं, आणि माल आमच्या एफजी म्हणजे तयार मालाच्या स्टोअरमध्ये पॅलेटवर बसलेला, इन्स्पेक्शनच्या सहीसाठी थांबलेला. तिकडे ते धरून चालले की कंटेनर न्हावा शेवा बंदरात पोचला असणार आणि त्या हिशोबानं त्यांचा प्लॅन लावला. बारा-पंधरा दिवसांनी त्यांनी बिल ऑफ लेडिंगचा, म्हणजे बोटीत माल चढल्याच्या पावतीचा, नंबर मागितला तेव्हा फुटलं सगळं. मग काय, बोटीनं जायचा माल विमानानं, भाडं आमच्या खिशातून, वर डेबिट नोट, म्हणजे आमच्या बिलातून पैसे कापले. त्या भाड्याचा आकडा मी इथे लिहीत नाही कारण आमचे मालक पण तुमचाच पेपर वाचतात.

आता यात त्या मुलाचं काय चुकलं? ग्रामर चुकलं का? नाही. उच्चार? माझ्यापेक्षा दहापट चांगला. चूक अशी झाली की तो मराठीत 'हो' म्हणाला, फक्त शब्द इंग्रजी वापरला. आपल्याकडे "माल गेला नाही ना अजून?" असं कुणी विचारलं तर "हो" म्हटलं तरी चालतं आणि "नाही" म्हटलं तरी चालतं, दोन्हीचा अर्थ एकच, नाही गेला. इंग्रजीत येस म्हणजे गेला आणि नो म्हणजे नाही गेला, प्रश्न सरळ विचारा नाहीतर उलटा विचारा. हे मला कुठल्याच बाईंनी किंवा सरांनी वर्गात सांगितलं नव्हतं आणि त्या मुलाला पण नाही, त्याची फी वर्षाला माझ्या तेव्हाच्या पगाराएवढी असून. गंमत म्हणजे आमचा एक जपानी कस्टमर आहे, त्यांच्याशी हा घोळ कधी झालाच नाही, कारण जपानी भाषेत पण आपल्यासारखंच 'हो, नाही गेला' असं चालतं. दोघंही चुकीचं बोलतात आणि दोघांना बरोबर कळतं!

या प्रकारानंतर एचआरनं काय केलं तर स्पोकन इंग्लिशवाले सर आणले, चार शनिवार. तुम्ही त्यांचे फ्लेक्स बघितले असतील, नाशिक फाट्यापासून चाकणपर्यंत प्रत्येक चौकात आहेत, नव्वद दिवसांत फाडफाड इंग्रजी. हा 'फाडफाड' शब्दच माझ्या डोक्यात जातो, भाषा काय कापड आहे का फाडायला? सरांनी शिकवलं स्वतःची ओळख कशी करून द्यायची, हात कसा मिळवायचा, डोळ्यात बघून कसं बोलायचं. कॉन्फिडन्स, कॉन्फिडन्स आणि कॉन्फिडन्स. अहो आमच्या त्या मुलाकडे कॉन्फिडन्सच जास्त होता, तोच तर प्रॉब्लेम झाला!

माझीच एक सांगतो म्हणजे दुसऱ्यावरच बोट दाखवतोय असं नको. नवीन होतो तेव्हा मी एका इंग्रज कस्टमरला मेल टाकला, 'वुई विल रिप्लाय टिल मंडे'. त्याचं उत्तर आलं, की एवढं सलग सोमवारपर्यंत उत्तर देत बसायची काही गरज नाही, एकच मेल पुरेल. मला जोक कळलाच नाही, मी तो मेल साहेबांना दाखवला आणि साहेबांना पण नाही कळला. नंतर कधीतरी टाळक्यात प्रकाश पडला की आपला 'पर्यंत' एक आणि त्यांचे दोन. सोमवारपर्यंत सुट्टी आहे, इथे 'टिल'. सोमवारपर्यंत रिपोर्ट देतो, इथे 'बाय'. मराठीत आपण एका पर्यंतवर दोन्ही भागवतो म्हणून इंग्रजी लिहिताना जो हाताला लागेल तो घालतो. मी सांगतो, आमच्या आख्ख्या एमआयडीसीत जाणारे मेल काढून बघा, 'टिल'ची चूक नसलेला माणूस शोधावा लागेल. तेव्हा हसण्यावारी गेलं. पण हेच वाक्य जुन्या ड्रॉइंगचा माल कधीपर्यंत पाठवणार याबद्दल असतं तर? एकाच्या हिशोबानं पंधरा तारखेच्या आत एकदा पाठवून विषय संपवणार, दुसऱ्याच्या हिशोबानं पंधरा तारखेपर्यंत पाठवतच राहणार.

आणि ते शॅल-विल. शाळेत घोकून घेतलं होतं, आय आणि वुई असेल तर शॅल, बाकी सगळ्यांना विल. मार्क पण मिळाले. मग क्वालिटीत आलो आणि आयएसओची स्टँडर्डं, म्हणजे कामाच्या पद्धतीचे आंतरराष्ट्रीय नियम, हातात पडली, तिथे कुठेच आय नाही की वुई नाही तरी पानोपानी शॅल. मला वाटलं भविष्यकाळ आहे, म्हणजे पुढे कधीतरी करायचंय. ऑडिटर समोर बसून विचारतोय की हे का नाही केलं आणि मी मनात म्हणतोय अहो इथे तर लिहिलंय पुढे करणार. त्यानं सांगितलं की बाबा स्टँडर्डमध्ये शॅल म्हणजे केलंच पाहिजे, सुटका नाही, शुड म्हणजे केलं तर चांगलं, मे म्हणजे परवानगी आहे, कॅन म्हणजे जमण्यासारखं आहे. चार छोटे शब्द आणि आख्खं ऑडिट त्यावर उभं. हे डिप्लोमाला एका तासात शिकवून होईल, पण तिथे आम्हाला कम्युनिकेशन स्किलमध्ये सुट्टीचा अर्ज लिहायला लावला होता.

कुणी म्हणेल की छोट्या शब्दांचं एवढं काय घेऊन बसलात. तर 27 मार्च 1977 ला टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर काय झालं ते बघा. दोन जंबो जेट एकाच धावपट्टीवर, एक डच कंपनी केएलएमचं, एक अमेरिकन पॅन अॅमचं, धुकं इतकं की कुणाला कुणी दिसत नाही. केएलएमचा को-पायलट रेडिओवर बोलला, "वुई आर नाऊ अॅट टेकऑफ", निदान ऐकणाऱ्याला तसं ऐकू आलं. टॉवरवाल्याला वाटलं विमान टेकऑफच्या जागेवर उभं आहे. तो ओके म्हणाला. प्रत्यक्षात विमान धावायला लागलं होतं. 583 माणसं गेली. आता धुकं होतं, घाई होती, रेडिओवर दोघं एकदम बोलल्यामुळे पुढचं नुसतं शिट्टीसारखं ऐकू आलं, कारणं बरीच आहेत, एका शब्दावर सगळं ढकलता येणार नाही. पण बघा ना, त्या डच माणसाचं इंग्रजी तुमच्या माझ्यापेक्षा कितीतरी सफाईदार असणार. त्यानं बहुतेक डच वळणाचं वाक्य इंग्रजी शब्दांत बोललं असं अभ्यासक म्हणतात, म्हणजे आमच्या डिस्पॅचच्या मुलानं केलं तेच.

आणि त्यानंतर विमानवाल्यांनी काय केलं हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पायलटना इंग्रजी फाडायला नाही शिकवलं. त्यांनी शब्द आवळले. 'टेकऑफ' हा शब्द फक्त प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा रद्द करताना वापरायचा, एरवी सगळीकडे 'डिपार्चर' म्हणायचं. आणि नुसतं ओके किंवा रॉजर (म्हणजे ऐकलं) नाही चालत, परवानगी दिली की ती आख्खी परत म्हणून दाखवायची. पुढे 1996 च्या नोव्हेंबरमध्ये आपल्याकडे हरियाणात चरखी दादरीवर सौदीचं आणि कझाकस्तानचं विमान हवेत धडकलं, 349 लोक गेले, त्यातही कझाक विमानातल्या लोकांचं कच्चं इंग्रजी हा मुद्दा निघाला. नंतर मार्च 2008 पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांचे पायलट आणि कंट्रोलर यांना भाषेची लेव्हल लागू झाली, सहापैकी किमान चौथी. त्यात तुमचा अॅक्सेंट कुठला हे बघत नाहीत, समोरच्याला समजण्यात आडवा येत नाही ना एवढंच बघतात.

आमच्याकडे विमानं पडत नाहीत, फार तर लाइन थांबते. पण पद्धत तीच लागते. तरी आमच्या एमआयडीसीत मेल कसे जातात, 'डिअर सर, विथ रेफरन्स टू अबोव्ह सब्जेक्ट काइंडली डू द नीडफुल'. नीडफुल म्हणजे नक्की काय करू? हा मेल साताठ जणांना सीसी असतो आणि प्रत्येकाला वाटतं नीडफुल दुसरा करणार आहे. इंग्रजांनी शिकवलेलं हे वाक्य आपण अजून देव्हाऱ्यातल्या टाकासारखं सांभाळून ठेवलंय. किंवा 'आय हॅव अ डाउट'. आपल्याला विचारायचं असतं, ते म्हणतात यांना आमच्यावर संशय आहे का. तारखांचं तर विचारूच नका, 04/05 लिहिलं की आपली चार मे आणि अमेरिकन माणसाची पाच एप्रिल. जर्मन ड्रॉइंगवर दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम असतो, 12,5 म्हणजे साडेबारा, एकदा नवीन इन्स्पेक्टर ते बघून बारा की पाच असं विचारत आला होता. विचारत आला हे बरं झालं.

कारण न विचारणं हाच खरा रोग आहे. शॉपफ्लोअरवरची आमची पोरं, लातूर, बीड, जळगावकडची, मशीनचा नुसता आवाज बदलला तरी सांगतात की बेअरिंग जाणार. तीच पोरं कस्टमर व्हिजिटला आला की मुकी होतात. का, तर एकदा कुणीतरी 'ही डोन्ट' म्हटलं आणि मीटिंगमध्ये दोन साहेब एकमेकांकडे बघून हसले. त्या पोरानं पुन्हा तोंड उघडलं नाही. आता त्याला काही कळलं नाही तरी तो येस सर म्हणतो, कारण येस सरला कुणी हसत नाही. 'ही डोन्ट'नं आजवर एक पार्ट रिजेक्ट झालेला मी बघितला नाही. 'येस सर'नं झालेत, पेट्या भरभरून.

जपानी कस्टमरचे मेल येतात ते बघा एकदा. ग्रामरच्या नावानं बोंब. पण एक, दोन, तीन असे नंबर घातलेले, प्रत्येक ओळीत एकच गोष्ट, कुणी करायची, कुठल्या तारखेला, किती नग, बाजूला फोटोवर लाल गोल. वाचून शंका राहत नाही. आणि आमच्याकडे एमबीए झालेल्या मुलाचा मेल येतो, इंग्रजी सुरेख, 'गोइंग फॉरवर्ड' वगैरे, आणि तीन पॅरा वाचून झाल्यावर मी त्याला फोन करून मराठीत विचारतो, बाळा, तुला नक्की काय पाहिजे? तर तो मराठीत पण सांगू शकत नाही! तिथे इंग्रजीला काय दोष देणार.

आम्ही आमच्या डिपार्टमेंटपुरतं थोडं सुरू केलंय. कॉलवर नुसतं येस किंवा नो म्हणायचं नाही, पूर्ण वाक्य बोलायचं, "नो, वुई हॅव नॉट शिप्ड". समोरच्यानं सांगितलेलं आपल्या शब्दात परत म्हणून दाखवायचं. तारखेत महिना अक्षरात. आणि ग्रामरला हसेल त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा, आत्तापर्यंत दोनदा मीच पाजलाय. पॉलिटेक्निक आणि आयटीआयमध्ये हे शिकवायला लावा, तुमच्या पेपरच्या शब्दाला वजन आहे म्हणून लिहितोय. सुट्टीच्या अर्जाऐवजी एक खरा रिजेक्शनचा मेल द्या मुलांना आणि म्हणा दे आता उत्तर.

तो डिस्पॅचचा मुलगा अजून आमच्याकडेच आहे. परवा कँटीनमध्ये त्याला आईचा फोन आला, "जेवला नाहीस ना अजून?" तर हा शहाणा म्हणतो, "नाही, मी अजून जेवलेलो नाहीये." पलीकडून मोठ्यानं आवाज आला, "अरे तेच तर विचारतेय ना मी!"

आपला,
एक क्वालिटीवाला, भोसरी
(नाव छापू नये ही विनंती, कारण वर लिहिलंय)