दांडिया बाजारातल्या पंप-नोझलवाल्या काकांना

तीर्थस्वरूप काकांना साष्टांग नमस्कार.

हे पत्र उघड्यावर लिहितेय, कारण पाकिटात घालून दिलं तर तुम्ही ते चष्म्याच्या डबीखाली ठेवून विसराल. पैशांचं पाकीट तर दोनदा परत केलंत. नातू हे वाचून दाखवेल तेव्हा मध्येच थांबवून माझ्या चुका काढू नका, शेवटी काढा.

दादाची बोट तुम्ही अजून पाहिलेली नाही. 28 फुटांची, सेकंडहँड, मुंबईत गेटवेच्या समोर पाण्यात बांधलेली. तुम्ही तिला शेवटपर्यंत ‘दादाचं नाटक’ म्हणालात. शिडाच्या बोटीला इंजिन कशाला, हा तुमचा पहिला प्रश्न. वारा पडला की बोट ओहोटी नेईल तिकडे जाते, आणि मांडव्याच्या लाँचा नि मोठी जहाजं आपल्यासाठी थांबत नाहीत. म्हणून आत तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन आहे, आणि ऑक्टोबरात बोट पाण्यात उतरवल्यापासून त्याच इंजिनाने आम्हाला रडवलं होतं. सेल्फ फिरायचा, मागून पांढरा धूर यायचा, इंजिन काही उचलायचं नाही. सात-आठ वेळा किल्ली मारली की एकदा खोकत सुरू व्हायचं. सुरू झालं की मात्र दिवसभर तक्रार नाही.

तोवर दादाने नवी बॅटरी आणली होती, दोन्ही डिझेल फिल्टर बदलले होते. तिथल्या एका मेकॅनिकने दहा मिनिटं आत डोकं घातलं आणि सांगितलं, कॉम्प्रेशन गेलंय, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा नीट दाबली जात नाही, इंजिन बाहेर काढून पिस्टनच्या रिंगा बदलू. गेज लावून मोजलं का, असं विचारायचं आम्हाला सुचलंही नाही. दादा खर्चाला तयार झाला होता. मी हिशेबाच्या कामातली बाई, मला आकडा ऐकूनच झोप लागेना. बाबा असते तर त्यांनी मला सरळ तुमच्याकडे पाठवलं असतं, असं वाटलं आणि त्या रविवारी सकाळी सेव उसळीचा डबा घेऊन मी तुमच्या ओट्यावर आले.

मला वाटलं होतं तुम्ही ऐकून एक शब्दात रोग सांगाल. तुम्ही कागद आणि पेन्सिल पुढे सरकवलीत. ‘शांतपणे काढ. हवा कुठून येते, डिझेल कुठून येतं, पाणी कुठून, धूर कुठे जातो, करंट कुठून. पाच लायनी.’ मला चित्र येत नाही म्हटलं तर म्हणालात, माझे वडील कलाभवनात शिकले, तिथे आधी काढायला लावायचे आणि मग हत्याराला हात लावू द्यायचे. सयाजीरावांनी 1890 साली बडोद्यात काढलेल्या त्या तंत्रशाळेचा माझ्याशी एवढाच संबंध, की त्यामुळे एका रविवारी माझी उसळ गार झाली.

मी दादाला फोन लावून एकेक नळी विचारत गेले. तो बोटीवरच होता, सकाळपासून किल्ली मारत होता. धुराच्या लाइनीपाशी तुमचं बोट थांबलं.

‘हे समुद्राचं पाणी इंजिन गार करून धुराच्या पायपात सोडलंय. मग जातं कुठे?’

मी म्हटलं, सायलेन्सरमध्ये. तिथून धुराबरोबर मागे बाहेर पडतं.

‘आणि धूर नसेल तेव्हा?’

काका, हा प्रश्न मी आयुष्यभर विसरणार नाही. तुम्ही समुद्रावरची बोट कधी आतून बघितलेली नाही. तुमचं सगळं आयुष्य शेतावरच्या पंपांच्या आणि ट्रकच्या इंजिनांत गेलं. तरी तुम्हाला कागदावर दिसलं की सेल्फ फिरतो तेव्हा पाण्याचा पंपही फिरतो. इंजिन पेटलेलं नाही, म्हणजे पाणी ढकलून बाहेर काढायला धूर नाही. प्रत्येक किल्लीला ते पाणी सायलेन्सरमध्ये साठत राहतं आणि भरला की उलटं चढून एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून थेट सिलिंडरमध्ये उतरतं. पाणी काही दाबलं जात नाही. मग पिस्टन अडतो, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि त्या मेकॅनिकचा शब्द आपोआप खरा ठरतो.

तुम्ही माझ्या हातून फोन घेतलात आणि दादावर ओरडलात. तो 46 वर्षांचा आहे, त्याच्यावर असं कोणी फार दिवसांत ओरडलं नव्हतं. ‘किल्ली सोड. सायलेन्सरच्या खालचा बोल्ट काढ.’ त्याने काढला. अर्धी बादली पाणी निघालं. मग तुम्ही डिपस्टिक बघायला लावलीत. ऑइल काळंच होतं, ताकासारखं झालेलं नव्हतं, म्हणजे पाणी अजून आत पोचलं नव्हतं. त्यानंतरच तुम्ही उसळीला हात लावलात.

तेव्हापासून आमचा नियम ठरला आहे. पहिल्या दोन किल्ल्यांत उचललं नाही तर समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद करायचा आणि मगच पुढचा प्रयत्न. सेल्फ एका वेळी दहा सेकंद, मग त्याला मिनिटभर विश्रांती. इंजिन पेटलं की त्याच क्षणी कॉक उघडायचा, नाहीतर पंपातला रबरी पंखा कोरडा फिरून जळेल. कॉक विसरू नये म्हणून दादाने त्याच्या दांड्याला लाल फडकं बांधलंय, देवळात नवसाचं बांधतात तसं.

रोगाचं निदान त्यापुढे तसं सोपं निघालं, निदान तुमच्यासाठी. पांढरा धूर म्हणजे डिझेल आत पोचतंय, फवाराही होतोय, फक्त पेटत नाहीये. धूरच नसता तर डिझेलची लाइन आधी बघितली असती. गरम इंजिन बंद करून लगेच पुन्हा मारलं तर काय होतं, हे तुम्ही विचारलंत. अर्ध्या फेऱ्यात उचलतं, असं दादा म्हणाला. ‘मग रिंगा कशाला बदलतो? ऊब कमी पडतेय.’ डिझेलला ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या तापावरच ते पेटतं, एवढं मला शाळेतलं आठवत होतं. पण या जुन्या पद्धतीच्या इंजिनात फवारा आधी एका छोट्या खोलीत पडतो, तिच्या भिंती गार असल्या की हवेचा ताप पिऊन टाकतात, म्हणून तिथे हीटर प्लग लागतो, आणि मुंबईची 20 अंशांची सकाळसुद्धा अशा इंजिनाला थंडीच वाटते, हे तुमच्याकडून कळलं.

दादाचा संशय तरी हवेवरच होता. कुठूनतरी डिझेलची लाइन हवा ओढतेय, हे त्याचं पालुपद. त्याच्या समाधानासाठी तुम्ही फीड पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक नळी लावायला सांगितलीत. एकही बुडबुडा दिसला नाही. सुरू करायचा स्प्रे मारून बघू का, असं त्याने विचारलं तेव्हा तुम्ही जे बोललात ते इथे लिहिता येणार नाही. तापलेल्या हीटर प्लगवर त्या स्प्रेतलं ईथर गेलं तर वेळेआधीच भडका उडतो, एवढं सभ्य भाषेत सांगते.

पुढच्या शुक्रवारी रात्रीच्या गाडीने मी स्वतः गेले, तुमचा टेस्ट लॅम्प, म्हणजे करंट जातोय का ते दाखवणारा दिवा, पर्समध्ये घालून. तिन्ही प्लगांची वायर सोडवून लॅम्पने एकेक बघितला, तिन्ही शाबूत. मग वायर परत जोडली, दादाने हीटरचं बटण दाबलं आणि मी मीटर लावला. बॅटरीवर 12.4 व्होल्ट, प्लगवर 8.3. मी ते वहीत लिहिलं आणि तुम्हाला फोन केला. तुम्ही हसलात. बॅटरीची वायर आधी वर किल्लीच्या पॅनेलपर्यंत जाते, तिथून परत खाली इंजिनापर्यंत येते, बारीक आणि जुनी. तीन प्लग मिळून तिच्यातून 30 अँपिअरच्या आसपास ओढतात. वाटेतच व्होल्टेज संपतं. आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबात घटते, म्हणजे दोन तृतीयांश व्होल्टेजला निम्मीसुद्धा ऊब नाही. हा हिशेब मात्र मी तुमच्या आधी केला, तो माझ्या नावावर राहू द्या.

उपाय केवढा, तर एक रिले, म्हणजे बारीक करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच. इंजिनाच्या शेजारी बसवला, बॅटरीपासून थेट जाड वायर, मध्ये फ्यूज, टोकांना नवे थिंबल. वरच्या बटणाने आता फक्त रिले ओढायचा. अर्थिंगचा बोल्टही काढून घासला, कारण तुम्ही बजावलं होतं की सगळे पॉझिटिव्हच्या मागे लागतात आणि करंट परत जातो कुठून हे कोणी बघत नाही. प्लगवर 11.6 आले. वीस सेकंद हीटर, मग किल्ली. दुसऱ्या फेरीला इंजिन लागलं. दादा कॉकवर झडप घालायला धावला आणि डोकं दारावर आपटून घेतलं.

एकूण खर्च किती झाला ते मी सांगणार नाही, त्या मेकॅनिकला वाईट वाटेल.

तुम्हाला ऐकवायला मी फोन इंजिनाजवळ धरला होता. मला वाटलं तुम्ही शाबासकी द्याल. तुम्ही बराच वेळ काही बोलला नाहीत, मग म्हणालात, ‘एक सिलिंडर जरा हलकं मारतोय. मधला असेल. नोझल काढून घेऊन ये.’

मधलाच होता, काका. नोझलला डिझेल नेणारा पाइप ढिला करून बघितला, तुम्ही सांगितलं होतं तसं. नोझल फडक्यात गुंडाळून माझ्या पर्समध्ये आहे. रविवारी नऊला येते. उसळ या वेळी गरम असतानाच खाऊ.

तुमची,
बाबांची धाकटी
वडोदरा