मुक्तास पत्र : परतीच्या वाटेविषयी

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

लिनक्स कर्नलमधल्या (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातल्या) फाइल सिस्टीमसाठीचा तुझा पॅच, म्हणजे कोडमधला बदल, आणि त्यावरचा रिव्ह्यू मी काल रात्री सावकाश वाचला. गळती, म्हणजे घेतलेले परत न करणारी जागा, सापडल्याचा तुझा आनंद खरा आहे, आणि ‘एरर हँडलिंग (अपयश हाताळणारा भाग) आधी सोपे करा’ हे मेंटेनरचे, त्या कोडची देखरेख करणाऱ्याचे, म्हणणेही खरे आहे.

फाइल सिस्टीम माउंट होताना, म्हणजे वापरासाठी जोडली जाताना, तू बदललेले ते फंक्शन चार गोष्टी ओळीने मिळवते: खासगी माहितीसाठी मेमरी, सुपरब्लॉकचा (फाइल सिस्टीमच्या मुख्य नोंदीचा) बफर, मूळ डिरेक्टरीचा आयनोड (तिची माहिती ठेवणारी नोंद) आणि तिची डेंट्री (नावाची नोंद). अपयश आले की काय काय परत करायचे, हे जुन्या लेखकाने प्रत्येक पायरीशी वेगळे लिहिले, म्हणून बफर सोडणारी ओळ एका ठिकाणी लिहायची राहून गेली. तू ती जोडलीस. पण सोबत आयनोड सोडणारे आयपुटही जोडलेस, आणि मूळ डेंट्री बनवणारे डी_मेक_रूट अपयशी ठरल्यास आयनोड स्वतःच सोडून देते, त्यामुळे आता तो दोनदा सोडला जातो. एक गळती बुजवताना त्याहून घातक चूक आत आली, आणि याचे कारण तुझा निष्काळजीपणा नसून त्या फंक्शनची मांडणी आहे.

कर्नलची रीत अशी की शेवटी लेबले (गोटू या आज्ञेने उडी मारून पोहोचायच्या खुणा) लावावीत, मिळवल्याच्या उलट क्रमाने सोडावे आणि लेबलाच्या नावातच ते काय सोडते हे सांगावे. सर्वांसाठी एकच लेबल ठेवू नकोस. मेमरी सोडणाऱ्या केफ्रीला किंवा आयपुटला नल, म्हणजे रिकामा पॉइंटर, चालतो. पण आयनोड मिळवणारी आयगेटसारखी फंक्शने अपयशाचा क्रमांक पॉइंटरमध्येच भरून देतात, आणि तो पॉइंटर नल नसल्याने तसाच आयपुटकडे गेला तर कर्नल कोसळतो.

खरे सोपेपण मात्र मेमरीच्या बाबतीत आहे. माउंट अपयशी झाले तरी सुपरब्लॉक मोडीत काढणारे किल_एसबी बोलावले जातेच, आवराआवर करणारे पुट_सुपर मात्र मूळ डेंट्री तयार झालेली असेल तरच. म्हणून सुपरब्लॉकला जोडलेली ती मेमरी फक्त किल_एसबीमध्ये सोड आणि बाकीच्या जागांहून ती ओळ काढून टाक. एक लेबल आपोआप नाहीसे होईल. कर्नलच्या 2023 च्या 6.5 आवृत्तीपासून व्हेरिएबलची व्याप्ती संपताच आपोआप सोडण्याची सोयही आहे, परंतु एकाच फंक्शनमध्ये ती आणि गोटू मिसळू नयेत.

पहिल्या नोकरीत मी अशाच एका परतीच्या वाटेवर एरर क्रमांक भरायला विसरले होते. डिस्कने लेखन नाकारले, फंक्शनने शून्य (म्हणजे ‘यशस्वी’) परत केले आणि वरच्या प्रोग्रामने आपली नोंद सुरक्षित आहे असे मानले. ती नोंद परत मिळाली नाही, आणि ते मला आजही बोचते. या ओळी चालतात तेव्हा अनेकदा कुणाची तरी डिस्क मरत असते.

आता गळती बुजवणारी एकच ओळ पहिल्या पॅचमध्ये, आयपुटशिवाय, स्वतंत्र ठेव, म्हणजे ती जुन्या स्थिर आवृत्त्यांत नेता येईल. लेबलांची फेरमांडणी दुसऱ्यात आणि किल_एसबीचा बदल तिसऱ्यात कर. पाठवण्यापूर्वी फेलस्लॅब (मेमरी-मागण्या मुद्दाम अपयशी करणारी कर्नलची सोय) लावून प्रत्येक मेमरी-मागणी एकेकदा अपयशी करून पाहा.

तुझी,
आई