तालमीचं पोरगं फुकट का जातं?

मा. संपादक,

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा हंगाम रंगण्याआधी खेळाडू नोंदणीची जी पळापळ चालते, ती बघून जीव तुटतो. यंदा आमच्या पेठेतल्या तालमीने, म्हणजे आमच्या फुटबॉल संघाने, परदेशी स्ट्रायकरसाठी घरोघर वर्गणी काढली. त्याच आठवड्यात गल्लीत वाढलेला लेफ्ट बॅक (डाव्या बाजूचा बचावपटू) शेजारच्या पेठेने नेला. काय गुणी पोरगं! आडवा येणारा चेंडू डाव्या पायाने असा मारायचा की दुसऱ्या टोकाच्या विंगरला जागचं हलावं लागत नसे. तालमीच्या हाती एक रुपयाही आला नाही. वर दोन सामने हरताच प्रशिक्षकालाही नारळ दिला.

इंग्लंडचा ब्रायटन क्लब बघा. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांचा प्रशिक्षक ग्रॅहम पॉटर चेल्सीने नेला. त्याच महिन्यात नवा प्रशिक्षक दे झर्बी आला आणि संघ लीगमध्ये सहावा आला. पुढच्या वर्षी त्यांनी कायसेडो हा खेळाडू चेल्सीला विकला, दहा कोटी पौंडांच्या वर. अशा विक्रीत फिफाच्या नियमाने पाच टक्के रक्कम खेळाडूला बारा ते तेवीस वयात घडवणाऱ्या क्लबांना जाते.

आपल्याकडे एवढा पैसा नाही, मान्य. पण खेळाडू नेणाऱ्या संघाने जुन्या तालमीला निदान पोरांच्या बुटांचे आणि चेंडूंचे पैसे द्यावेत. प्रशिक्षकाशी हंगामभराचा लेखी करार व्हावा. इथला फुटबॉल चालवणाऱ्या केएसएने (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) पुढच्या नोंदणीआधी सगळ्या तालमींना बोलावून हे ठरवावं, ही कळकळीची विनंती.

- एक जुना बचावपटू, शिवाजी पेठ, कोल्हापूर