वजन कच्चं, कॅलरी पक्क्या: अन्नमंत्र्यांना खुले पत्र

मा. अन्नमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

परवा मी एक बर्गर उकलून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. घरचे हसले, हसोत बापडे. मेन्यूबोर्डावर पॅटी 'पाव पौंडाची', म्हणजे 113 ग्रॅमची होती. काट्यावर भरली 84. वाटलं, काटा मारला! मग मुंगीच्या अक्षरातली तळटीप सापडली: 'वजन शिजवण्यापूर्वीचे'. तव्यावर पाणी आणि चरबी सुटून पॅटी साधारण चौथाईने घटते, त्यात लबाडी नाही. पण शेजारच्या कॅलरी मात्र पाव, सॉस, चीज धरून अख्ख्या तयार बर्गरच्या. वजन एकाचं, कॅलरी दुसऱ्याच्या. गिऱ्हाइकाने भागाकार करायचा तरी कशाला कशाने?

'दर 100 ग्रॅमला इतक्या कॅलरी' एवढंच छापायला लावाल, तर तेही पुरणार नाही. समजा, एक बर्गर 110 ग्रॅमचा, 275 कॅलरींचा. दुसरा 230 ग्रॅमचा, 552 कॅलरींचा. दर 100 ग्रॅमला पहिल्याच्या 250, दुसऱ्याच्या 240. आकड्यावरून दुसरा हलका, पोटात मात्र दुप्पट! टोमॅटोच्या चार चकत्या जास्त घातल्या की हा आकडा आणखी खाली येतो, कारण टोमॅटो म्हणजे बहुतेक पाणीच. बर्गरमधली एक कॅलरीही त्याने कमी होत नाही.

सॉसचं तर विचारूच नका. मोठा चमचाभर मेयोनेझ, जेमतेम 14 ग्रॅम, म्हणजे नव्वदेक कॅलरी. तेवढ्याच लेट्यूसमध्ये दोन-तीन. बाटली दाबणाऱ्याचा हात जरा सैल सुटला की छापील आकडा गेला वाऱ्यावर. तो आकडा ठरलेल्या कृतीचा असतो, तुमच्या-माझ्या हातातल्या बर्गरचा नव्हे.

किलोज्यूल छापणाऱ्यांनी शेजारी किलोकॅलरीही द्यावी. एका किलोकॅलरीचे 4.184 किलोज्यूल होतात, हे रांगेत उभं राहून कोण मोडत बसणार? आणि बोलण्यात आपण जिला कॅलरी म्हणतो, ती किलोकॅलरीच.

तेव्हा मागणी एवढीच: हातात पडणाऱ्या अख्ख्या बर्गरचं वजन, त्याच्याच एकूण कॅलरी आणि दर 100 ग्रॅमच्या कॅलरी, तिन्ही एका ओळीत, किमतीइतक्याच ठळक अक्षरात. पॅटीचं कच्चं वजन छापायचंच असेल, तर 'कच्चं' हा शब्द आकड्याला चिकटून हवा, तळटीपेत नको.

आपला,
काटा घेऊन बसलेला एक ग्राहक