बर्फावरची कुस्तीही छापा!

महोदय,

२०२५ ची आयपीएल संपली, आता क्रीडा पानावर थोडी जागा स्टॅन्ली चषकाला, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीच्या चषकाला द्या. गुरुवारी (५ जून) पहाटे साडेपाचला कॅनडाचा एडमंटन ऑयलर्स आणि अमेरिकेचा फ्लोरिडा पँथर्स अंतिम फेरीत पुन्हा भिडताहेत. आधी चार सामने जिंकेल तो विजेता. माझी लेक एडमंटनला असते, म्हणून हळदीच्या सौद्याला जाण्याआधी मी मोबाइल उघडून बसतो. (बायको म्हणते, पक, म्हणजे चेंडूऐवजीची ती रबरी चकती, दिसते तरी का? नाही दिसत.)

गेल्या वर्षी एडमंटन ०-३ वरून ३-३ पर्यंत आले आणि सातवा सामना २-१ ने हरले. त्यांचा कर्णधार मॅकडेव्हिड हरूनही सर्वोत्तम खेळाडू ठरला. एडमंटनचा शेवटचा चषक १९९० चा, कॅनडातल्या कुठल्याही संघाचा १९९३ चा. लेकीसाठी त्यांनीच जिंकावं, पण त्यांच्या हायमन या आक्रमक खेळाडूच्या मनगटाला दुखापत झालीय आणि समोर फ्लोरिडाचा गोलरक्षक बॉब्रोव्स्की आहे. गुडघे बर्फावर टेकून दोन्ही पाय असे फाकवतो, की खालून मुंगी जायची नाही! शिवाय फ्लोरिडाची ही सलग तिसरी अंतिम फेरी. दमवून चीत करणारा पैलवान आहे तो संघ.

माझा अंदाज : फ्लोरिडा, ४-३. लेकीला कळवलेलं नाही.

– एक हळद व्यापारी, वखारभाग, सांगली